नवा पाहुणा आधी पडवीत : प्रवाळांच्या टाकीतलं अलगीकरण



आजचा विषय जरा वेगळा आहे. मुलं मोबाईलवर रंगीबेरंगी समुद्री टाक्यांचे व्हिडिओ बघतात. निळा उजेड, त्यात डोलणारे जांभळे-हिरवे प्रवाळ आणि मधून फिरणारे केशरी मासे. मग प्रश्न सुरू होतात. हे झाड आहे का? हे जिवंत आहे का? आपण घरी आणायचं का? याच व्हिडिओंत कधी कधी दिसतं, की नवीन आणलेला प्रवाळ मालक थेट त्या सुंदर टाकीत सोडत नाही. एका साध्या, रिकाम्या काचेच्या पेटीत तो दोन-अडीच महिने एकटा ठेवतो. मुलांना हे अन्यायाचं वाटतं. "त्याला वेगळं का बसवलं?"

या एका प्रश्नात जीवशास्त्र आहे, गणित आहे, थोडा इतिहास आहे आणि नागरिकशास्त्रही आहे. म्हणून हा लेख. प्रवाळ पाळायला शिकवणं हा याचा हेतू नाही. आपल्याकडे ते पाळता येतही नाहीत, त्याबद्दल पुढे सांगितलंच आहे. पण "वरून चांगलं दिसतं म्हणजे आतूनही चांगलं असतंच असं नाही" ही गोष्ट मुलांना पटवायला यापेक्षा सोपं उदाहरण क्वचितच सापडेल.

आधी प्रवाळ म्हणजे काय?

आपल्या घरांत "पोवळं" माहीत असतं. अंगठीतलं लाल पोवळं. त्यामुळे बऱ्याच मुलांना प्रवाळ म्हणजे दगड किंवा खडा वाटतो. काहींना ती वनस्पती वाटते. खरं तर प्रवाळ हा प्राणी आहे. एक प्राणी असं म्हणण्यापेक्षा चिमुकल्या प्राण्यांची वसाहत म्हणा. प्रत्येक प्राणी छोट्या नळीसारखा असतो, वर तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शकांचं कडं. खडक बांधणारे प्रवाळ स्वतःच्या खाली चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा तयार करतात. हजारो वर्षं हे बांधकाम चाललं की समुद्रात प्रवाळभित्ती उभी राहते.

या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळ त्याला आसरा देतो. प्रवाळाच्या रंगातही या शैवालाचा वाटा असतो. पाणी फार तापलं की ही जोडी तुटते, शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो.

म्हणजे प्रवाळ विकत घेणारा माणूस शोभेचा दगड घेत नाही, एक जिवंत वसाहत घरी आणतो. आणि जिवंत वसाहतीबरोबर तिच्यावर जगणारेही येतात. कुत्र्याबरोबर गोचीड येते, कोंबडीबरोबर उवा येतात, तसंच.

चोरून येणारे पाहुणे

अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया या भागांत समुद्री टाकी ठेवण्याचा छंद मोठा आहे. तिथे टाकीतच वाढवलेल्या प्रवाळांचे छोटे तुकडे मिळतात. बोटभर लांबीचा तुकडा एका चकतीवर चिकटवलेला असतो. दिसायला स्वच्छ, रंग छान. पण त्याच्यावर काय काय दडलेलं असू शकतं बघा.

पहिला म्हणजे अॅक्रोपोरा जातीचे प्रवाळ खाणारा चपटा कृमी. हा कागदासारखा पातळ असतो. तो प्रवाळाचंच मांस खातो, त्यामुळे प्रवाळाचा रंग त्याच्या अंगात उतरतो. परिणामी तो प्रवाळावर बसला तरी डोळ्यांना दिसत नाही. दिसतात त्या त्याच्या खुणा, म्हणजे प्रवाळाच्या अंगावरचे फिकट गोल ठिपके. अंडी तो प्रवाळाच्या बुडाशी, जिथे मांस उरलेलं नाही अशा उघड्या सांगाड्यावर घालतो.

दुसरा म्हणजे लाल किडा. नावाला किडा, पण हा खेकडा-कोळंबीच्या कुळातला जीव. लांबी साधारण अर्धा मिलिमीटर. पिवळसर अंगावर लाल ठिपका. भिंगाशिवाय तो सापडणं कठीण. गंमत म्हणजे कुत्र्यांना हृदयातल्या जंतांसाठी दिलं जाणारं एक औषध याच्यावर चालतं. मात्र ते टाकीतल्या कोळंबी-खेकड्यांनाही मारतं.

तिसरी, मॉन्टिपोरा जातीचे प्रवाळ खाणारी पांढरी, बिनशंखाची गोगलगाय. लांबी काही मिलिमीटर. दिवसा प्रवाळाच्या खालच्या बाजूला लपते आणि अंडीही तिथेच घालते.

चौथं, काचेसारखं दिसणारं एक उपद्रवी समुद्रफूल. त्याचं नाव ऐप्टेसिया. ते प्रवाळ खात नाही, पण शेजाऱ्यांना डंख मारून जागा बळकावतं. उपटायला गेलं तर मागे राहिलेल्या कणाएवढ्या तुकड्यातून पुन्हा नवं उगवतं. शेतातल्या हरळीसारखं. जितकं तोडाल तितकं पसरतं.

आणि पाचवा, सगळ्यात लबाड. तो प्रवाळाला काहीच करत नाही. तो माशांचा परजीवी आहे. प्रवाळाच्या चकतीवर तो फक्त प्रवासी म्हणून येतो. त्याच्याकडे पुढे वळू.

अलगीकरण आणि विलगीकरण

करोनाच्या काळात हे दोन्ही शब्द आपण इतके ऐकले की त्यांची सरमिसळ झाली. फरक साधा आहे. जो आजारी आहे हे कळलंय त्याला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण. जो वरून ठणठणीत आहे, पण संसर्ग घेऊन आला असण्याची शक्यता आहे, त्याला ठरावीक दिवस वेगळं ठेवून पाहणं म्हणजे अलगीकरण. मुलं बोलताना "क्वारंटाईन" म्हणतात, ते हे दुसरं.

हा शब्द आला इटलीतून. प्लेगच्या भीतीमुळे १३७७ साली एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा या बंदराने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, रोगट भागांतून येणाऱ्यांना शहराबाहेर तीस दिवस थांबायला लावलं. पुढे हा काळ चाळीस दिवसांचा झाला. इटालियन भाषेत चाळीस म्हणजे "क्वारांता". त्यावरून क्वारंटाईन. त्या लोकांना जंतू माहीत नव्हते. पण रोग असेल तर तो इतक्या दिवसांत बाहेर दिसेल, एवढं अनुभवाने कळलं होतं.

आपल्या शेतकऱ्यालाही हे कळतं. बाजारातून आणलेली नवी गाय पहिल्याच दिवशी गोठ्यातल्या दावणीला बांधू नये, काही दिवस वेगळी बांधून तिचं खाणं-शेण-अंग बघावं, असं पशुवैद्यक सांगतात. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्यातले गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, ते याच कारणाने. खेड्यातल्या मुलांना हे उदाहरण लगेच समजतं. शहरातल्या मुलांना कुंडीतल्या जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण दाखवा.

वेगळी टाकी कशी असते?

दिसायला अगदी कोरडी. खाली वाळू नाही, खडकांची आरास नाही. नुसती काच. कारण पडलेला कृमी किंवा अंडं दिसलं पाहिजे, आणि लपायला जागा कमी हवी. पाणी गरम ठेवायचा हीटर, पाणी हलवणारा पंप, प्रवाळाला पुरेल असा दिवा आणि एक गाळणी. पाण्याचं तापमान साधारण २५-२६ अंश सेल्सिअस, क्षारता समुद्राइतकी म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम.

गाळणीचा स्पंज आधी काही आठवडे मुख्य टाकीत ठेवलेला असतो, म्हणजे घाण पचवणारे उपयोगी जिवाणू त्यावर बसतात. मग तो वेगळ्या टाकीत आणतात. पण इथे नियम एकच, वाहतूक एकेरी. मुख्य टाकीतून वेगळ्या टाकीत वस्तू येईल, उलटी कधीच जाणार नाही. जाळी वेगळी, चिमटा वेगळा, पाणी काढायची नळी वेगळी, टॉवेलसुद्धा वेगळा. रोजची कामं आधी मुख्य टाकीत उरकायची आणि शेवटी वेगळ्या टाकीत हात घालायचा. मग हात धुवायचे. दवाखान्यातली परिचारिका आधी साध्या रुग्णांकडे आणि मग संसर्ग झालेल्याकडे जाते, त्यामागेही हाच विचार.

लहान टाकीची एक अडचण गणिताच्या तासाला फार उपयोगी पडते. टाकीतून पाणी उडून जातं, मीठ उडून जात नाही. समजा टाकी ४० लिटरची आहे. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे एकूण क्षार १४०० ग्रॅम. ४ लिटर पाणी उडालं, तर तेच १४०० ग्रॅम आता ३६ लिटरमध्ये आहेत. म्हणजे लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम. प्रवाळाला हा मोठा धक्का. आता हेच ४ लिटर ४०० लिटरच्या टाकीतून उडाले तर? १४,००० भागिले ३९६, म्हणजे साधारण ३५.४ ग्रॅम. जाणवण्यासारखा फरक नाही. म्हणून लहान टाकीवर रोज नजर ठेवावी लागते, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं शुद्ध पाणी घालावं लागतं, खारं नाही. "गोडं का?" हा प्रश्न मुलांनाच विचारा. ज्यांनी मिठागर पाहिलंय ती मुलं लगेच सांगतील.

औषधाची आंघोळ

प्रवाळ घरी आला की पहिल्याच दिवशी त्याची आंघोळ होते. टाकीच्या पाण्याने भरलेल्या छोट्या भांड्यात आयोडीनयुक्त किंवा त्यासाठीच मिळणारं दुसरं द्रावण मिसळतात. प्रमाण आणि वेळ बाटलीवर लिहिल्याप्रमाणे, बहुधा काही मिनिटं. जास्त वेळ ठेवला तर प्रवाळच मरेल. मधून मधून रबरी पिचकारीने प्रवाळावर पाण्याचा झोत मारतात. त्याने गुंगलेले कृमी सुटून खाली पडतात. भांडं पांढरं असेल तर ते स्पष्ट दिसतात. मग प्रवाळ दुसऱ्या भांड्यातल्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळून वेगळ्या टाकीत जातो.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळतात. ज्या पिशवीतून प्रवाळ आला ते पाणी आणि आंघोळीचं पाणी टाकीत ओतत नाहीत. आणि खालची चकती शक्यतो काढून टाकतात, कारण अंडी, समुद्रफुलाचे कण आणि माशांचे परजीवी बहुधा तिथेच असतात. तुकडा नव्या चकतीवर चिकटवतात.

इथवर ऐकलं की मुलं म्हणतात, "झालं की मग! आंघोळ झाली, किडे मेले. आता सोडा टाकीत." बरेच मोठे छंदवालेही हेच म्हणतात आणि टाकी घालवून बसतात. खरा धडा इथे सुरू होतो.

अंड्यांचं गणित

आंघोळीने कृमी मरतात किंवा सुटतात. अंडी मरत नाहीत. अंड्याभोवतीचं कवच औषध आत जाऊ देत नाही. अंडी दिसली तर खरवडून काढतात, पण एखादी फट राहतेच.

ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठातल्या संशोधकांनी या चपट्या कृमीचं जीवनचक्र मोजलं. २७ अंश तापमानाला अंडी घातल्यापासून पहिली पिल्लं निघायला साधारण ११ दिवस लागतात. आणि अंडं ते पुन्हा अंडं घालणारा कृमी असं पूर्ण चक्र किमान ३८ दिवसांत होतं. पाणी थंड असेल तर अंडी उशिरा फुटतात, २१ अंशाला जवळपास दुप्पट वेळ लागतो.

आता फळ्यावर लिहा. आंघोळीचा दिवस म्हणजे दिवस ०. सगळे मोठे कृमी मेले असं धरू. दुसरी आंघोळ कधी द्यावी?

मुलं दोन गोष्टी शोधून काढतील. एक, सगळी अंडी फुटून जायला हवीत. आदल्याच दिवशी घातलेलं अंडं दहाव्या दिवसाच्या आसपास फुटू लागेल, आणि सगळी अंडी एकाच क्षणी फुटत नाहीत. म्हणजे दहाव्या दिवसानंतर आणखी काही दिवस थांबायला हवं. दोन, नव्या पिल्लांनी स्वतः अंडी घालण्याआधी आंघोळ व्हायला हवी. इथे पुष्कळ मुलं "३८ दिवसांच्या आत" असं उत्तर देतील. त्यांना थांबवा आणि विचारा, सगळी अंडी एकाच वयाची होती का?

नव्हती. काही अंडी आपल्या आंघोळीच्या वेळी दहा-अकरा दिवसांची असू शकतात. ती आज-उद्याच फुटतील. फुटल्यापासून अंडी घालण्यापर्यंत किमान ३८ वजा ११, म्हणजे २७ दिवस. तेव्हा खरी मुदत २७ दिवसांची. म्हणजे दुसरी आंघोळ साधारण दोन आठवड्यांनंतर आणि २७ व्या दिवसाच्या आत. प्रत्यक्षात कुठलीच आंघोळ शंभर टक्के कृमी काढत नाही, पाण्याचं तापमानही वर-खाली होतं. म्हणून जाणकार लोक एकाच दुसऱ्या आंघोळीवर न थांबता दर आठवड्याला किंवा दहा दिवसांनी आंघोळ देतात, आणि पूर्ण चक्र संपेपर्यंत प्रवाळ वेगळाच ठेवतात. ३८ म्हणजे जवळजवळ चाळीस. जंतू माहीत नसलेल्या त्या बंदरवाल्यांच्या आकड्याजवळच आपण आलो. हा निव्वळ योगायोग आहे, तो आकडा माणसांच्या प्लेगसाठी होता. पण मुलांच्या लक्षात राहायला चांगला.

आणखी एक. २० व्या दिवशी नवा दुसरा प्रवाळ त्याच वेगळ्या टाकीत टाकला तर? मुलं म्हणतील, पहिल्याचे २० दिवस झालेत. नाही. दोघांचंही घड्याळ पुन्हा शून्यावर. एक टाकी, एक घड्याळ.

प्रवाळ आणला, मासे गेले

आता तो पाचवा, लबाड प्रवासी. समुद्री माशांना पांढरे ठिपके पडण्याचा एक रोग होतो. त्याचा परजीवी एकपेशीय आहे, नाव क्रिप्टोकॅरियन. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यात काही दिवस, साधारण तीन ते सात दिवस, खातो-पितो. मग मासा सोडून खाली पडतो, एखाद्या कठीण पृष्ठभागावर चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. कवचाच्या आत एकाचे कितीतरी होतात. कवच फुटलं की पिल्लं मासा शोधत पोहतात. त्यांच्याकडे वेळ थोडा असतो, एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

कठीण पृष्ठभाग म्हणजे काय? काच, खडक, शंख आणि प्रवाळाची चकतीसुद्धा. म्हणजे विक्रेत्याच्या टाकीतला मासा आजारी होता, प्रवाळ निरोगी होता, आपण फक्त प्रवाळ आणला, आणि महिन्याभरात आपले मासे मेले. असं घडतं.

मासे आजारी असतील तर तांब्याचं औषध चालतं. पण तांबं प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना विष आहे. म्हणून प्रवाळाच्या टाकीत ते टाकता येत नाही. मग उपाय काय? उपवास. परजीवीचा उपवास. वेगळ्या टाकीत एकही मासा ठेवायचा नाही. कवचं फुटतील, पिल्लं बाहेर येतील, मासा मिळणार नाही, मरतील. किती दिवस लागतील? बहुतेक कवचं आठवड्याभरात फुटतात, पण ७२ दिवसांपर्यंत टिकल्याच्या नोंदी आहेत. म्हणून अनेक छंदवाले त्यात पिल्लांचे दिवस आणि थोडी सूट धरून ७६ दिवसांचा नियम पाळतात. व्हिडिओतला माणूस अडीच महिने का थांबतो, याचं उत्तर हे.

यात औषध नाही, खर्च नाही. फक्त वाट पाहणं आहे. मुलांना सांगा, वाट पाहणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. इथे वाट पाहणं हेच औषध आहे.

खऱ्या समुद्रात काय घडलं

ही फक्त हौशी लोकांची कटकट नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, मायामीजवळच्या समुद्रात प्रवाळांचं मांस झडून जाणारा एक रोग पहिल्यांदा आढळला. पुढच्या काही वर्षांत तो फ्लोरिडाच्या प्रवाळभित्तीभर आणि कॅरिबियन समुद्रात पसरला. वीसहून अधिक जातींच्या खडक बांधणाऱ्या प्रवाळांना तो होतो, आणि शेकडो वर्षं जुनी वसाहत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरू शकते.

तेव्हा तिथल्या लोकांनी रोग पोहोचण्याआधीच पुढच्या भागातले निरोगी प्रवाळ काढले आणि जमिनीवरच्या मत्स्यालयांत नेऊन ठेवले. त्यातून पुढची पिढी वाढवून समुद्रात परत लावता यावी, हा हेतू. विचार करा, देशभरातल्या मत्स्यालयांत ठेवलेली ही शेवटची ठेव. तिथे एखादा कृमी किंवा जंतू शिरला तर? म्हणून वेगळी टाकी, वेगळी उपकरणं, नोंदवही हे सगळं तिथे काटेकोर पाळावं लागतं. रोगट भागात पाण्याखाली जाणाऱ्या पाणबुड्यांनाही पुढच्या ठिकाणी उतरण्याआधी आपला पोशाख आणि साहित्य निर्जंतुक करायला सांगतात. जाळी वेगळी, चिमटा वेगळा, हाच नियम मोठ्या रूपात.

आपल्याकडे : बघा, शिका, पण घरी आणू नका

पालकांनी हा भाग नक्की वाचावा. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. ते काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. कुणी ऑनलाईन "लाईव्ह कोरल" देतो म्हणाला तरी घेऊ नका. किनाऱ्यावर सापडलेला पांढरा तुकडाही आठवण म्हणून खिशात घालू नका. फोटो काढा आणि तिथेच ठेवा.

महाराष्ट्रालाही प्रवाळ आहेत हे पुष्कळांना माहीत नसतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात मालवणचं सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, खोल समुद्रात, आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, आंग्रे सरदारांच्या नावाचं. तिथेही प्रवाळ आहेत. आपल्या मुलांनी प्रवाळ ओळखायचे ते ते जपण्यासाठी.

वर्गात काय करता येईल?

१. दिवसांची पट्टी. कागदाची लांब पट्टी घ्या, ० ते ४० दिवस आखा. लाल खडूने "अंडी फुटतात" आणि निळ्याने "नवा कृमी अंडी घालतो" असे दिवस दाखवा. वेगवेगळ्या वयांच्या पाच अंड्यांच्या पाच पट्ट्या एकाखाली एक लावा. आंघोळीचे दिवस मुलांना ठरवू द्या. पाचवीच्या पुढच्या मुलांना हे सहज जमतं.

२. मिठाचं पाणी. दोन सारखी पसरट भांडी. दोन्हीत सारखं मीठ-पाणी, पातळीची खूण. उन्हात ठेवा. एकात रोज खुणेपर्यंत साधं पाणी घाला, दुसऱ्यात काही नको. आठवड्याने दुसऱ्या भांड्याच्या काठावर काय दिसतं?

३. कुंडीची पडवी. शाळेच्या बागेत नर्सरीतून रोप आलं की तीन आठवडे इतर कुंड्यांपासून लांब ठेवा. दोन मुलांची जोडी रोज भिंगाने पानांची मागची बाजू आणि देठाचे सांधे बघेल आणि वहीत लिहील. काहीच सापडलं नाही तरी "काही सापडलं नाही" हे लिहायचंच. ती सुद्धा नोंद आहे.

४. शाळेत गोड्या पाण्याची माशांची टाकी असेल तर नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा, जाळी वेगळी. गोड्या पाण्यातही पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असतो. त्याचा परजीवी वेगळा, पण चक्र तसंच.

एक गोष्ट मात्र सांभाळा

हा धडा शिकवताना माझी तुम्हा सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. हे उदाहरण माणसांवर, विशेषतः वर्गातल्या नव्या मुलावर चुकूनही लावू नका.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं वर्षाच्या मध्येच नव्या शाळेत येतात. कुणी वीटभट्टीवरून येतं, कुणी परराज्यातून येतं. अशा मुलाला "थोडे दिवस मागे बस" म्हणणं हे अलगीकरण नाही, तो भेदभाव आहे. आपल्या समाजाने माणसांना वेगळं ठेवण्याचा फार वाईट इतिहास पाहिला आहे, आणि त्याला शुद्धतेचं नाव दिलं गेलं होतं. म्हणून मुलांपुढे फरक स्पष्ट मांडा. अलगीकरणाला ठराविक रोगाचं कारण लागतं, मोजलेले दिवस लागतात आणि शेवटची तारीख लागते. त्या काळात वेगळं ठेवलेल्याची काळजी जास्त घ्यावी लागते, कमी नाही. वेगळ्या टाकीतल्या प्रवाळाला उजेड, ऊब, स्वच्छ पाणी सगळं मिळतं. आणि मुदत संपली की तो सगळ्यांत मिसळतो, त्याच्यावर शिक्का राहत नाही. ज्या वेगळं ठेवण्याला कारण नाही, मुदत नाही, काळजी नाही, ते अलगीकरण नव्हेच.

करोनात ज्यांच्या घराला पट्टी लागली, ज्यांच्याशी शेजारी नंतरही बोलले नाहीत, अशा घरांतली मुलं तुमच्या वर्गात असतील. त्यांना कदाचित त्यातलं फारसं आठवत नसेल, पण घरात ते बोललं जातं. त्यांच्यासाठी हा फरक पुस्तकातला नाही.

तर पालकहो, मुलाने पुन्हा विचारलं, "त्या प्रवाळाला वेगळं का बसवलं?", तर सांगा : त्याला शिक्षा नाही केली. त्याच्याबरोबर कोण आलंय ते बघतायत. दिवस मोजलेले आहेत. ते संपले की तो घरचा होईल.